शेवाळातलं जलअस्वल

फार वर्षांपूर्वी, यंत्रं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. एका विद्यापीठात रेवा गावित शेवाळातल्या बारीक जिवांचा अभ्यास करायची. कपाटातल्या कागदी पाकिटात नऊ वर्षं वाळत पडलेलं शेवाळ तिनं एका सकाळी काचेच्या बशीत भिजवलं. त्यात एक जलअस्वल होतं, खसखशीहून बारीक, आठ पायांचं, सुकून गोळा झालेलं.

दहा मिनिटांत सूक्ष्मदर्शक म्हणाला, "मेलंय. लिही वहीत आणि बशी धुऊन टाक." त्याला नवी भिंगं बसवली होती, त्यामुळे त्याच्यापुढं बोलायची कोणाची टाप नव्हती. रेवानं 'मृत' लिहिलं.

जलअस्वल सगळं ऐकत होतं. पण अंगात पाणी मुरल्याशिवाय ते पाय हलवणार कसं? ते जिवंतपणी मोरीत जाणार होतं.

"दादा, जरा दम धर," जुना ड्रॉपर म्हणाला.

"तू थेंब टाकणारा. तुला काय दिसतं?"

"काहीच दिसत नाही, म्हणून तर मी थांबतो. तुला एवढं दिसतं, म्हणून तुला दहा मिनिटं पुरली."

रेवाला हसू आलं. बशी तिनं तशीच ठेवली. पाणी आटू लागलं की ती ड्रॉपरनं थेंब घालायची. दुपारी चार वाजता जलअस्वलाचा एक पाय हलला.

"दादा, आता पाय मोज," ड्रॉपर म्हणाला.

रेवानं 'मृत' खोडलं. आठवा पाय हलेपर्यंत साडेचार वाजले. तोवर सूक्ष्मदर्शक एकेक पाय मोजत होता.