निळ्या हातांची गाडी

फार पूर्वी कदंबपुरात दृढवर्मा राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या आळीत बैल होऊन जन्माला आला होता. बैल म्हटलं की काही जण गालातल्या गालात हसतात. हसा बापडे. पांढराशुभ्र म्हणून त्याचं नाव कुंद. रंगवलेल्या कापडाचे गठ्ठे ओढ्यावर नेणं आणि संध्याकाळी मुकाट्याने रवंथ करणं, एवढंच त्याचं काम होतं.

मग हत्तींच्या जंगलावरून दृढवर्म्याचं शृंगपूरच्या राजाशी फाटलं. जंगल कुणाचं ते हत्तींना कुणी विचारलं नाही. कदंबपूरचं सैन्य माळाच्या अलीकडे उतरलं, शृंगपूरचं सैन्य पलीकडच्या मातीच्या गढीत शिरलं, आणि मधल्या माळावर माणसं पडू लागली.

पहिल्या दिवशी पडलेल्यांना कुणी उचललं नाही. दुसऱ्या दिवशी रंगारी आळीतली जेठी नावाची म्हातारी सुईण पदर खोचून, कमरेवर पाण्याची घागर घेऊन माळाकडे निघाली. पहारेकरी म्हणाला, "मावशी, तिकडे कुठे? तिथे रक्ताचा चिखल झालाय."

जेठी म्हणाली, "बाळंतपणात काय गुलाबपाणी असतं का रे? हो बाजूला."

तिच्यामागे आळीतल्या बाया निघाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं की कुणी तनखा बांधला नव्हता. त्यांच्याकडे जुनं सुती कापड होतं, ते उकळायला रंगाच्या मोठ्या कढया होत्या, आणि पोटापाण्यासाठी पाळलेला एक बैल होता, कुंद. त्या पट्ट्या फाडायला शिकल्या, कडुनिंबाच्या पाण्याने घाव धुवायला शिकल्या, आणि पोटात घाव असलेल्याने कितीही गयावया केली तरी त्याला पाणी द्यायचं नाही, हे तर रडत रडत शिकल्या. आपला आणि परका असा भेद त्यांनी केला नाही. आपले छावणीत आणायचे आणि शृंगपूरचे गढीच्या दारात नेऊन द्यायचे, अशी त्यांची रीत होती.

नीळ कालवून कालवून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. घासून जाणारा तो रंग नव्हे. ऊन डोक्यावर आलं की दोन्हीकडची शिंगं वाजायची, लढाई थांबायची, आणि कुंदाची गाडी माळावर उतरायची. निळे हात दिसले की गढीवरचे तिरंदाज धनुष्यं खाली करायचे. जे दार राजदूताला उघडत नव्हतं, ते या गाडीला उघडत होतं.

गाडी हाकायची ती कुवलया. तिशीतली, हाडापेराने मजबूत, जिभेने तिखट. घरचं माणूस असं तिला एकच होतं, धाकटा भाऊ सुमन. तो राजाच्या पायदळात होता.

एके दिवशी दुपारच्या पहिल्या फेरीत तो तिला सापडला. गढीच्या बाजूला एका पळसाखाली पडला होता, मांडीत बाण घुसलेला. गाडी आधीच भरली होती, मुंगीलाही जागा नव्हती. कुवलयेने मांडीवर पट्टी आवळली, पट्टीत काटकी घालून पीळ दिला, तेव्हा रक्त थांबलं.

"आईला सांगू नकोस गं अक्का," सुमन म्हणाला. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. ताप डोक्यात चढत होता.

"गाडी रिकामी करून आलेच," ती म्हणाली. "तोवर झोपायचं नाही. झोपलास तर थोबाड फोडीन."

तिने छावणीत येऊन जखमी उतरवले आणि गाडी वळवली, तोच सेनापती कालसेन समोर आला. मागे पाच शिपाई होते, धडधाकट, आणि त्यांच्या अंगावर रक्ताने माखलेल्या चादरी होत्या.

"दुसऱ्या फेरीत हे झोपतील गाडीत," कालसेन म्हणाला. "दार उघडलं की उड्या टाकतील आणि दार अडवून धरतील. माझे घोडेस्वार ओढ्यात दबा धरून बसलेत."

जेठी पुढे झाली. "सेनापती, त्या दारातून आम्ही मरायला टेकलेली पोरं नेतो. एकदा तिथून तलवार गेली की आमच्या गाडीवर कोण विश्वास ठेवील?"

"लढाई आज संपेल म्हातारे. उद्या जखमीच नसतील."

"एक कळ सोस की सुटलीस, असं बाहेरून ओरडणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत," जेठी म्हणाली. "आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं."

कालसेनाने खूण केली. दोघांनी जेठीला धरून बाजूला नेलं. मग तो कुवलयेकडे वळला. तो वाईट माणूस होता असं नाही. आपली माणसं रोज मरताना पाहून त्याचं काळीज घट्ट झालं होतं.

"तुझा भाऊ तिकडे पडलाय म्हणे. तुझे हात निळे आहेत, म्हणून तूच हाकायचं. परत येताना त्याला उचल. नाही म्हणालीस तर आज एकही गाडी इथून हलणार नाही."

कुवलयेने जेठीकडे पाहिलं. जेठीने नकारार्थी मान हलवली. कुवलयेने कासरा हातात घेतला. तिला बोल लावायचा असेल त्याने आधी आपला भाऊ उन्हात टाकून यावं आणि मग बोलावं.

पाचही शिपाई गाडीत आडवे झाले. जखमींना बाया नेहमी पुढे सरकवून निजवायच्या, म्हणजे भार बैलाच्या मानेवर नीट बसतो. हे मात्र पटकन उडी मारता यावी म्हणून सगळे मागच्या कडेला दाटीने पडले. त्यामुळे गाडी उलार झाली, म्हणजे मागे कलंडायला लागली. जू वर उचललं गेलं आणि मानेखालची जुपणी कुंदाच्या गळ्याला काचू लागली.

कुंद चालू लागला. पण अर्ध्या माळावर आल्यावर त्याने चारी पाय रोवले आणि तो उभा राहिला.

"हो रे राजा," कुवलयेने कासरा झटकला. कुंद हलला नाही. गढीच्या तटावर तिरंदाज उभे होते आणि त्यांची धनुष्यं खाली होती. दाराचा अडसर काढल्याचा आवाज इथवर आला. पळसाखाली सुमनने हात वर केला. तो तिला दिसला, जिवंत दिसला.

"हाक," त्या पाचांचा नायक चादरीखालून पुढे सरकत पुटपुटला. सुरीचं टोक तिच्या पाठीला लागलं. "गाडी थांबलेली पाहून त्यांना संशय येईल."

कुवलयेने जन्मात कधी कुंदावर हात उचलला नव्हता. आता तिने कासऱ्याने त्याला झोडपलं. "चल रे! चल मेल्या! माझा भाऊ आहे तिथे!"

तेव्हा कुंदाने मान वळवली आणि तो बोलला. बैल बोलतो का, असं विचारू नका. जिने जन्मभर त्याच्या पाठीशी बसून गाडी हाकली तिला ऐकू आलं, बाकीच्यांना नुसतं हंबरणं वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "जखमी माणसाचं ओझं मला ठाऊक आहे. आज गाडीत ते नाही."

"ठाऊक आहे मला! म्हणून काय करू? तो मरेल रे!"

"मरेल कदाचित. खोटं सांगणार नाही तुला. पण हे ओझं मी त्या दारात नेलं, तर या माळावर पडलेल्या कुणालाच यापुढे उचलायला कुणी येणार नाही. मला मार, मी रागावणार नाही. पाऊल मात्र टाकणार नाही."

नायकाचा धीर सुटला. त्याने पुढच्या फळ्यांच्या फटीतून सुरी कुंदाच्या मांडीत खुपसली. कुंदाचं सारं अंग थरथरलं. पांढऱ्या पायावरून रक्ताचा ओघळ खुरापर्यंत आला. पण पाय रोवलेला तो रोवलेलाच.

कुवलयेने ते रक्त पाहिलं. एकीकडे पळसाखालचा हात, दुसरीकडे हा मुका जीव. ती मनात म्हणाली, सुमन, मला क्षमा कर रे बाळा. मग उडी टाकून ती कुंदाच्या मानेशी गेली आणि तिने जुपणीची गाठ सोडली.

जू सुटल्याबरोबर गाडीचं तोंड आभाळाकडे गेलं, मागची बाजू धाडदिशी जमिनीवर आपटली, आणि पाचही शिपाई चादरी-तलवारींसकट उघड्या माळावर घरंगळले.

तटावर एकच ओरडा झाला. दार धाडकन बंद झालं. धनुष्यं वर आली, आणि पहिला बाण सुटला तो कुंदाच्या वशिंडात रुतला. कारण कुंद तोवर लंगडत गढी आणि शिपाई यांच्या मधोमध येऊन आडवा उभा राहिला होता. ज्याने त्याला सुरी मारली तो नायक त्याच्याच पोटाआड दडून बसला होता.

कुवलया त्याच्या शेजारी गेली आणि तिने दोन्ही निळे हात वर केले.

"बाजूला हो बाई!" तटावरून गढीचा किल्लेदार ओरडला.

"होत नाही!"

"दगा केलात तुम्ही!"

"केला! आणि उघडाही मीच पाडला! हे माझ्या गाडीतून आले, माझ्या डोळ्यांदेखत हातपाय शाबूत परत जातील. मारायचं तर आधी मला मारा, मग या बैलाला!"

धनुष्यं ताणलेली होती. शिपायांच्या कपाळावरचा घाम मातीत टपटपत होता. शेवटी किल्लेदार म्हणाला, "हत्यारं टाका आणि चालते व्हा. पळू नका. पळेल त्याला पाडीन."

पाचही जण हत्यारं टाकून पाऊल पाऊल मागे गेले. ते छावणीत पोचेपर्यंत कुवलयेला जागची हलता येईना. ती हलली असती तर बाण सुटले असते. पळसाखालचा हात मघाच खाली गेला होता. तिने तो जाताना पाहिला होता.

मग रिकामी गाडी स्वतःच ओढत ती सुमनपाशी पोचली, मागून कुंद लंगडत आला; सुमनचे डोळे उघडेच होते. झोपू नकोस म्हणाली होती, तो झोपला नव्हता. कुवलयेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि असा हंबरडा फोडला की तो छावणीत जेठीला ऐकू गेला.

चार हातांवर झुडपाआड कुणी तरी कण्हलं. शृंगपूरचा एक शिपाई होता, खांदा फाटलेला. "आई," तो म्हणाला.

"मेल्या, तू बरा जिवंत राहिलास!" कुवलया त्याच्या अंगावर ओरडली. तिला त्याचा राग आला, त्याला उचलून गाडीत घातलं तेव्हाही आला, पट्टी बांधताना तर सगळ्यांत जास्त आला. पण पट्टी तिने नीट बांधली. सुमनला तिने त्याच्या शेजारी निजवलं. मग कुंदाशी गेली. वशिंडातला बाण ओढून काढला, मांडीला पट्टी आवळली आणि त्याच्या कपाळाला कपाळ टेकलं.

"ओढशील का रे?" तिने विचारलं.

कुंदाने आपण होऊन मान जुवाखाली घातली.

लंगड्या बैलाची गाडी गढीच्या दारापाशी येऊन थांबली. दार बंद होतं. कुवलयेने हाक मारली नाही, विनवणीही केली नाही. कुठल्या तोंडाने करणार? ती नुसती उभी राहिली. तटावरून गाडीत काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं, एक त्यांचा जिवंत आणि एक हिचा मेलेला.

अडसर सरकला. दार उघडलं. किल्लेदार स्वतः बाहेर आला, त्याने आधी बैलाची जुपणी सैल केली आणि मग आपल्या माणसाला उतरवून घेतलं. सुमनकडे पाहून त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं.

इकडे कालसेनाने कुवलयेचं डोकं मागितलं. दृढवर्म्याने तिला आणि जेठीला समोर बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि कालसेनाला एवढंच विचारलं, "उद्या तू त्या माळावर पडलास, तर तुला उचलायला कुणी जावं असं तुला वाटतं?" कालसेनाने आपली मागणी मागे घेतली. त्या दिवशी युद्ध थांबलं, असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. ते आणखी एक पावसाळा चाललं. पण दुपारी शिंग वाजलं की गाडी निघायची, आणि दार उघडायचं. कुंद पुढे कायमचा लंगडला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा नगरात देवीची साथ होती आणि भिक्षुणी आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची जेठी ती आजची वडीलधारी भिक्षुणी, थेरी भद्दवती. किल्लेदार तो साथीत आपलं घर आजाऱ्यांना मोकळं करून देणारा सार्थवाह, तांड्याचा व्यापारी. नायक तो त्या घराच्या दाराशी आता पाणी भरणारा गडी. कुवलया म्हणजे ही समोर बसलेली भिक्षुणी वासुला. आणि कुंद बैल म्हणजे मीच."

वासुलेने खाली मान घालून विचारलं, "भन्ते, आणि सुमन?"

"आज सकाळी तू ज्याचे फोड धुतलेस आणि ज्याने तुला शिव्या घातल्या, तो."

वासुलेचे डोळे भरून आले. ती तशीच उठली आणि आजाऱ्यांच्या घराकडे निघाली. शास्त्यांनी तिला थांबवलं नाही. उरलेल्यांना ते म्हणाले, "भिक्षुणींनो, त्या जन्मी माझ्या हातून घडली ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना. करुणेसाठी उघडलेल्या दारातून आत कपट नेऊ नये, आपलं सगळ्यांत प्रिय माणूस त्या वाटेवर पडलेलं असलं तरीही."