कातारी आणि सोंगांचा खेळ

पुष्कळ पिढ्यांपूर्वीची हकीकत आहे. एका नदीकाठच्या गावात मैनाजी नावाचा कातारी राहत असे. लाकडाची खेळणी आणि सोंगट्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

या मैनाजीने एक नवा खेळ काढला. चार-पाच जणांनी गोल बसायचे. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली सोंगे घ्यायची: कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी राजाचा हेर. प्रत्येकाने आपल्या सोंगाची सोंगटी मध्ये मांडायची. संकट आले की सांगणाऱ्याने विचारायचे, "आता तू काय करतोस?" केलेले साधते की फसते, ते कवड्या टाकून ठरवायचे. कवड्यांचे नियम मैनाजीने एका कापडावर लिहिले होते आणि शेवटी 'हे नियम न्या' एवढेच.

जत्रेत त्याने ते कापड सर्वांसमोर पसरले. "हे नियम उतरवून न्या," तो म्हणाला. "यावर तुमच्या गोष्टी रचा. जो रचील त्याची गोष्ट. नियम कुणाचे ते तेवढे सांगत जा."

लोकांनी नियम नेले. कोळ्यांनी बुडालेल्या गलबताची गोष्ट रचली, धनगरांनी लांडग्यांच्या खिंडीची. पलीकडच्या गावातल्या तान्हूबाई साळणीने वाळूखाली गेलेल्या नगराची गोष्ट रचली. तिला दोन वर्षे लागली. ती खेळायला लोक तीन-तीन दिवस चालून येत. खेळणाऱ्या प्रत्येकाला सोंगट्या लागत, आणि त्या मैनाजीकडच्याच चांगल्या असत. त्याचे घर सुखात चालले.

मैनाजी गेला. दुकान पुतण्याकडे, हैबतीकडे आले. हैबती आळशी नव्हता आणि दुष्टही नव्हता. पण जत्रेत फिरताना त्याने पाहिले, की लोक तान्हूबाईचे नाव घेतात, कोळ्यांचे घेतात. आपल्या घराचे नाव गोष्टीच्या आरंभी एकदा येते आणि पुढे कुणाला आठवत नाही. ते त्याला सलू लागले.

त्याने दवंडी पिटवली. येत्या अमावास्येपासून या नियमांवर रचलेली प्रत्येक गोष्ट, जुनी असो वा नवी, कातारी घराची. घराने होकार दिल्याशिवाय कुणी ती खेळवू नये.

तान्हूबाई त्याच्या दुकानात आली.

"हैबतराव, तुमच्या काकांनी चारचौघांत शब्द दिला होता."

"दिला होता, मावशी. पण कापड वाचा. नियम न्या असं लिहिलंय. परत मागणार नाही, असं कुठं लिहिलंय?"

तान्हूबाईने कापड पुन्हा वाचले. तसे खरेच लिहिलेले नव्हते. "त्यांना ते लिहावंसं वाटलं नसेल," ती म्हणाली, आणि भांडण न करता निघून गेली.

घरी जाऊन तिने गोष्टीची पाने फडक्यात बांधली. आठ दिवस तिने मागाला हात लावला नाही. मग तिने कोळ्यांना आणि धनगरांना बोलावले. महिनाभर बसून त्यांनी नवे नियम केले. कवड्यांऐवजी चिंचोके घेतले. नियम सुरुवातीला ओबडधोबड होते, डाव मध्येच अडत असे. पण दुरुस्त करत करत ते चालू लागले. पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिले: 'हे नियम सर्वांचे. कुणालाही, आम्हालासुद्धा, ते परत घेता येणार नाहीत.'

पुढच्या जत्रेत हैबतीच्या सोंगट्या तशाच पडून राहिल्या. त्याने दिवसभर वाट पाहिली. चिंचोक्यांच्या डावाभोवती मात्र बसायला जागा नव्हती.

हैबतीला चूक कळली. त्याने दवंडी मागे घेतली. इतकेच नव्हे, तर काकांचे सगळे नियम दगडावर कोरून वेशीजवळ उभे केले आणि खाली खोदवले, 'कायमचे दिले.' मग तो स्वतः तान्हूबाईच्या दारी गेला.

"मावशी, आता कापडात नव्हतं तेही लिहिलं. दगडावर लिहिलं. तुमची गोष्ट परत आणा."

तान्हूबाईने त्याला पाणी दिले, बसायला घोंगडी दिली.

"तुम्ही चांगलं केलंत," ती म्हणाली. "काकांचे नियम आमच्यापेक्षा सरस आहेत, हेही खरं. पण एक गोष्ट रचायला मला दोन वर्षं लागतात. तेवढे दिवस, पुन्हा दवंडी पिटते का म्हणून, तुमच्या दाराकडे कान लावून मला रचता येणार नाही."

 हैबती नमस्कार करून परतला.

काही जुने खेळाडू त्याच्याकडे आले, बरेचसे आले नाहीत. हैबतीने पुढे आयुष्यभर उत्तम सोंगट्या केल्या. त्या घेऊन लोक चिंचोक्यांचा डाव मांडत, आणि तो काही म्हणत नसे.

तात्पर्य: दिलेले दान परत मागितले, तर ते पुन्हा देता येते, त्यावरचा विश्वास मात्र पुन्हा देता येत नाही.