रावसाहेबांचा ट्रक आणि शिरपाची पाठ

"ऑइल जातं कुठं? उद्या दुपारपर्यंत सांग!" रावसाहेब ढमढेरे गरजले. "आणि इंजिनाचा एक जरी नट सैल केलास, तर गाळा खाली करायचा!"

शिरपा मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. रावसाहेब नऊ ट्रकांचे मालक, गॅरेजचा गाळाही त्यांचाच, आणि दिलेला शब्द मागं घ्यायची त्यांना सवय नव्हती. पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! शिरपानं त्यांच्या ट्रकचं इंजिन नव्यासारखं करून दिलं, आणि तेव्हापासून ते रोज लिटरभर ऑइल पीत होतं. निळा धूर असा, की मागचा गाडीवाला भरदिवसा दिवे लावायचा! शिरपानं तीनदा इंजिन खोललं. एकदा रिंगा बदलल्या, एकदा सील बदलली, आणि तिसऱ्यांदा काय बदलावं ते सुचेना म्हणून नुसतं पुसून परत बसवलं. ऐन उसाच्या हंगामात ट्रक सारखा उभा राहू लागला. "माझ्या हातचं इंजिन बोलतं," असं शिरपा ट्रकच्या अड्डाभर सांगत फिरायचा. आता ते बोलत होतं खरं, पण त्याच्याविरुद्ध!

घरी येऊन तो लोखंडी पट्टीनं पाठ खाजवत बसला. काळजी लागली की शिरपाची पाठ खाजायचीच.

"तानू, मला काही येत नाही बघ. वीस वर्षं लोकांना फसवलं मी."

"ते मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं," तानूबाई भाकरी थापत म्हणाली. "पण काय ओ, ऑइल कमी झालं हे सांगतं कोण?"

"ड्रायव्हर रोज सकाळी इंजिनातली पट्टी उपसून बघतो. खुणेच्या खाली दिसलं की ओततो."

"पट्टी म्हणजे कसली?"

"अशीच!" शिरपानं हातातली पट्टी नाचवली. "ही आपली भंगारातल्या टेम्पोची. पाठीसाठी ठेवलीय."

तानूबाईनं पट्टीकडं निरखून बघितलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"ही पाठीच्या मध्यापर्यंतच पोचते म्हणून कुरकुरायचात ना तुम्ही? मग आता कमरेपर्यंत कशी पोचते ओ?"

"मी वाळलो असेन," शिरपा उसासा टाकून म्हणाला. "तीन महिने अन्न गोड लागत नाही."

तानूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. "उद्या मी येते तुमच्याबरोबर!"

दुसऱ्या दिवशी ट्रकभोवती सगळा अड्डा जमला.

"तू सांगणार?" पुढं झालेल्या तानूबाईला रावसाहेब म्हणाले. "नटाला हात लावायचा नाही हां!"

"नाही लावत. पट्टी उपसली तर चालेल?"

"चालेल."

तानूबाईनं इंजिनातली पट्टी उपसून घरून आणलेल्या पट्टीशेजारी धरली. इंजिनातली चांगली चार बोटं आखूड! मग तिनं घरची लांब पट्टी पुसून इंजिनात घातली आणि बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही तीन बोटं वर!

"साहेब, इंजिन ऑइल पीतच नाही! आखूड पट्टी खालपर्यंत पोचत नाही, म्हणून ऑइल कमी दिसतं. तुम्ही रोज त्याच्या नरड्यात लिटर ओतता, आणि पोट भरलेलं ते बिचारं धुरातून ओकून टाकतं!"

"मग ही आखूड पट्टी इथं आली कुठून?"

शिरपाच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. इंजिन बसवताना, ऐन घाईत, पाठ खाजवली होती त्यानं! पाठीची पट्टी इंजिनात गेली, आणि इंजिनाची घरी आली.

"मीच घातली, साहेब," तो पुटपुटला. "गाढव आहे मी."

रावसाहेब लालबुंद झाले. "आणि याच्यासाठी तीनदा इंजिन खोललं?"

"तिथंच चुकलं, साहेब!" तानूबाई म्हणाली. "इंजिन तीनदा खोललं, त्यापेक्षा यांचा सदरा एकदा वर केला असता, तर निकाल लागला असता!" आणि तिनं शिरपाला वळवून सदरा वर केला. मानेपासून थेट कमरेपर्यंत लांबच लांब ओरखडे! "बघा, तुमची पट्टी कुठवर पोचलीय!"

रावसाहेबांनी मिशी दाबून बघितलं, पण हसू काही आवरेना. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले.

"बाई, गाळा तुझा! आजपासून भाडं नाही, आणि पाटीवर नाव तुझं!"

"आणि आता एक नट सैल करू द्या, साहेब," तानूबाई म्हणाली. " जास्तीचं ऑइल काढायला."

"दहा कर! आणि मिस्त्री, तू इकडं ये. पाठ कर!"

आता रट्टा बसणार! शिरपानं डोळे गच्च मिटले. रावसाहेबांनी आखूड पट्टी उचलली आणि हळूच विचारलं, "हं, कुठं खाजतंय?"

"आता कुठंच नाही, साहेब!"