शापाची ओंजळ

पूर्वी, कृतयुगाच्या उत्तरार्धात, शुभ्रतोया नदीच्या तीरी, कदंबवृक्षांच्या शीतल छायेत महातपस्वी वेणुदर्भ मुनींचा आश्रम होता. मुनी रोज प्रातःकाळी शिष्यांपुढे क्षमेवर असे रसाळ प्रवचन करीत, की हरिणेही चरायचे विसरत, आणि प्रवचन संपून समिधा ओल्या निघाल्या, की तेच मुनी डावी भुवई चढवून, कमंडलूतले पाणी ओंजळीत घेऊन गर्जत, "शाप देईन!"

त्यांची नवपरिणीता शुचिव्रता हे मुकाट्याने पाहत होती. शिष्यही पाहत होते, हीच तर पंचाईत होती. क्षमेचा एक श्लोक कुणाला धड येत नव्हता. भुवई मात्र सर्वांना साधली होती. भात करपला, शाप. मुंगी चावली, शाप. लाथ मारली म्हणून एका महाभागाने गाईलाच शापले आणि ती आटली, तेव्हा शुचिव्रतेने कपाळावर हात मारून घेतला.

"आर्य, ही मुले तुमचे ऐकत नाहीत, तुम्हाला पाहतात."

"देवी, मी त्यांना हे कधी शिकवले?" मुनी भुवई चढवून म्हणाले.

एके दिवशी माध्यान्ही जलाधिपती वरुण वृद्ध अतिथीच्या वेषात द्वारी आला. "बाळांनो, भिक्षा वाढा. किती वेळ तिष्ठत ठेवाल?" एवढेच तो बोलला, तोच थोरला शिष्य तार्णक ओंजळ भरून ओरडला, "थेरड्या, शाप देईन!"

वरुण मूळ तेजस्वी रूपात प्रकटला. "माझ्याच पाण्याने मला शाप? उन्मत्तांनो, ही नदी आत्ताच इथून नेतो!" पाहता पाहता पात्रातली वाळू उघडी पडू लागली.

"मूर्खा!" म्हणत मुनींनी तार्णकाला शापण्यासाठी ओंजळ भरली. त्यासरशी सगळ्या शिष्यांनीही भरली. सगळ्या डाव्या भुवया चढल्या.

"आता तरी पाहा, आर्य!" शुचिव्रता कडाडली. "नदी चालली, आणि तुमचे हे काय चाललेय? एकदा तरी न बोलता काही करून दाखवा!"

मुनींनी त्या भुवयांकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. हातातले पाणी फेकवेना, धरूनही ठेववेना. अखेर त्यांनी ते पिऊन टाकले. शिष्यांनीही निमूटपणे पिऊन टाकले.

वरुणाला हसू आवरेना. पात्र पुन्हा भरू लागले. "साध्वी, नदी राहील. शिवाय वर देतो: जो कर्मारंभी ओंजळीतले पाणी असे प्राशन करील, त्याचा क्रोध त्या घोटाबरोबर शमेल. सांग या सर्वांना."

"देवा, सांगायला तेवढे लावू नका," ती म्हणाली. "सांगितलेले इथे कुणी घेत नाही."

म्हणून कर्मारंभी आधी आचमन करतात, असे म्हणतात. का, ते कुणी विचारत नाही. पुढचा पितो, म्हणून मागचाही पितो.