शंखाचा कोनाडा

फार पूर्वी एका डोंगराच्या खिंडीत आडभिंतीचा बाजार भरायचा. भिंतीला आरपार कोनाडे. अलीकडे घेणारे, पलीकडे विकणारे. कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही, अशी रीत. कोनाड्यावर विकणाऱ्याची खूण काढलेली असे. माल चांगला निघाला की घेणारा तिथल्या खुंटीला लाल दोरा बांधी, फसला की काळी चिंधी.

शंखाच्या खुणेमागे एक तूपवाली बसायची. तिच्या खुंटीवर लाल दोऱ्यांचा गोंडाच झाला होता. बायका म्हणायच्या, "शंखाच्या तुपाचा दिवा डोळे मिटून देवापुढे लावावा."

एका उन्हाळ्यात तिच्या गाईचं दूध आटलं. तूपवालीने तुपात उकडलेलं रताळं घोटून मिसळलं. 'मला कुणी पाहिलंय थोडंच!'

ते तूप गेलं एका व्रत करणाऱ्या बाईकडे. ऐन उद्यापनाला दिवा तडतडून विझला. पुढच्या बाजारी शंखावर काळी चिंधी लटकली.

तूपवाली घाबरली. टोकाच्या कोनाड्यावर तिने नवी खूण काढली, पोपटाची. आता गाय दूध देत होती, तूपही निर्मळ होतं. पण कुणी थांबेना.

"हा पोपट कोण गं?"

"ना दोरा, ना चिंधी! पोपट बोलेल छान, तूप कसं असेल देव जाणे."

घरात वैरण संपली. गाय विकायची वेळ आली. गाईच्या मानेवरून हात फिरवताना तूपवालीला हुंदका फुटला. 'एका चिंधीला भिऊन पळाले, आणि इतक्या वर्षांचे दोरेही तिथेच टाकून आले!'

पुढच्या बाजारी ती शंखामागे बसली. कोनाड्यातून आवाज आला, "काय गं, माझा दिवा विझवलास ती तूच ना?"

'ती दुसरी होती,' म्हणणं किती सोपं होतं! तूपवालीने तुपाची वाटी कोनाड्यात सरकवली.

"हो ताई, मीच. तुपात रताळं होतं. आज विकत नाही. ही वाटी तशीच न्या, दिवा लावून बघा."

मग बांगड्यांचा एक हात आत आला आणि वाटी घेऊन गेला.

पुढच्या बाजारी तोच हात लाल दोरा बांधत होता. "शांत तेवला गं दिवा. चिंधी सोडू का?"

"राहू दे ताई. ती दिसली की माझा हात नीट चालतो."

हळूहळू गिऱ्हाइकं परतली. गाय गोठ्यातच राहिली.

तात्पर्य: नवी खूण घटकाभरात काढता येते, विश्वास मात्र एकेका दोऱ्यानेच बांधावा लागतो. म्हणून चूक झाली तर खूण टाकून पळू नये, चूक कबूल करावी.