कागद धरणारा हात

टाक दौतीत बुडवून लिहायचे दिवस होते, तेव्हापासूनची ही गोष्ट. द्वारकाबाईंचा उजवा हात मोत्यासारखं अक्षर काढायचा आणि डावा नुसता कागद धरून बसायचा. उजव्याच्या मधल्या बोटाला लिहून लिहून घट्टा पडला होता. तो मिरवत उजवा म्हणायचा, "ही माझी पदवी! तुझ्याकडे काय आहे रे?"

"माझ्याकडे कागद आहे," डावा म्हणायचा.

टाक गेला, पेन आलं, वह्यांनी कपाट भरलं. सत्तरीत उजव्या हाताला कंप सुटला, अक्षर ओळीवरून घसरू लागलं. "संपलं आपलं लिहिणं," तो पुटपुटला.

"आपलं? आज पहिल्यांदा आपलं म्हणालास," डावा म्हणाला.

नातीनं फोनवर ब्लॉग सुरू करून दिला. डावा एकाच बोटानं, चुकतमाकत, एकेक अक्षर दाबू लागला. गुळगुळीत टेबलावर फोन सारखा सरकायचा, तरी ओळी उमटत गेल्या.

उजवा थक्क झाला. "तुला कसं जमतं रे हे?"

"साठ वर्षं शेजारी बसलोय. तुझी एकही ओळ चुकवली नाही."

उजवा थरथरत पुढे आला. सगळा भार टाकून त्यानं फोन दाबून धरला.

"तू लिही," तो ऐटीत म्हणाला. "बघतोच आता कसा सरकतो ते!"