कणीला दूध नको

"पी म्हणते ना."

"नको म्हणते ना."

"मांजर आहेस का कोण आहेस? दूध नको म्हणतेस?"

"पोटात गुडगुड होतं."

"काही होत नाही. पी."

आजीनं दुधाचा तांब्या वाकवला. कणीनं वाटी ओढली. आजीनं तांब्या इकडे धरला. कणीनं वाटी तिकडे नेली. वाटीत थेंब पडला नाही.

ही कणी म्हणजे मांजराचं पिल्लू. तांदळाच्या कणीएवढं होतं, म्हणून कणी. आणि आजी म्हणजे बायजाआजी. खाडीकाठी तिचं एका खोलीचं घर. बायजाआजी कुणाचं ऐकायची नाही. कुणाचं फुकट घ्यायची नाही.

भांडण कशावरून? कणीची उडी हरवली होती.

कणी आली तेव्हा उड्या मारायची. टुणुक टुणुक. मग आजीनं दूध सुरू केलं. सकाळी दूध. दुपारी दूध. संध्याकाळी दूध. कणीचं पोट झालं नगारा. कणीचे पाय झाले काड्या. आणि उडी गेली.

आजीची बाज उंच. बाजेवर आजीची गोधडी, ऊबदार. कणीनं उडी मारली. टुण... धप्प. पुन्हा मारली. टुण... धप्प. खाली गार जमीन. खाली कणी एकटी.

कणी म्हणाली, "मासळीवाल्या मंजुळामावशीचा बोका बघ. थेट कौलावर उडी मारतो. तो मासळीची डोकी खातो. मला डोकं हवं."

आजी म्हणाली, "मासळी महाग असते."

"डोकी तर मावशी टाकून देते."

"टाकलेलं आपण घेत नाही."

आजीनं तांब्यावर झाकण ठेवलं. खण्ण. आजीनं तोंड फिरवलं.

कणी थक्क. डोळे गोल. शेपूट केरसुणी.

मग कणी उठली आणि निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. पोटात गुडगुड गुडगुड.

बाजारात मंजुळामावशी बसली होती. पुढ्यात टोपलीभर बांगडे. कणी म्हणाली,

"मावशी मावशी, मासळीचं डोकं दे.
दूध पोटात राहीना,
उडी मला येईना,
आजीची बाज गाठवेना."

मावशीचा हात टोपलीतच राहिला. मांजर, अन् दूध नको? साठ वर्षं मासळी विकली तिनं, असं कधी ऐकलं नव्हतं.

मावशी म्हणाली, "डोकं देईन गं. पण विळी बोथट झाली. मासा दाबला जातो, कापला जात नाही. आधी धार, मग डोकं."

कणी थक्क. डोळे गोल. शेपूट केरसुणी.

कणी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. पोटात गुडगुड गुडगुड.

वडाखाली हसनचाचा उभा होता. सुऱ्या-विळ्यांना धार लावायचा. त्याची सायकल, सायकलवर दगडी चाक. कणी म्हणाली,

"चाचा चाचा, विळीला धार लाव.
मावशी मासा कापीना,
दूध पोटात राहीना,
उडी मला येईना,
आजीची बाज गाठवेना."

चाचाची टोपी सरकली, नाकावर आली. मांजर, अन् दूध नको? चाचानं टोपी वर केली आणि कणीला नीट बघितलं. मांजरच होतं. कान होते, मिशा होत्या, सगळं होतं.

चाचा म्हणाला, "धार लावीन बेटा. पण चाकाचा पट्टा तुटला. पायडल फिरतं, चाक फिरत नाही. आधी पट्टा, मग धार."

कणी थक्क. डोळे गोल. शेपूट केरसुणी.

कणी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. पोटात गुडगुड गुडगुड.

पाण्याच्या पिंपाशेजारी बारकूमामा बसला होता. चपला शिवायचा. कणी म्हणाली,

"मामा मामा, पट्टा शिव.
चाचा धार लावीना,
मावशी मासा कापीना,
दूध पोटात राहीना,
उडी मला येईना,
आजीची बाज गाठवेना."

मामाच्या हातातली चप्पल पडली. पिंपात. डुबुक. मांजर, अन् दूध नको? मामा म्हणाला, आक्रीतच झालं म्हणायचं. मग त्यानं चप्पल बाहेर काढली आणि पाणी निथळलं.

"पट्टा शिवीन की. पण सकाळपासून चहा नाही पोटात. हात बघ कसा थरथरतोय. सुई चपलेत जायची ती अंगठ्यात जाते. आधी चहा, मग पट्टा."

कणी थक्क. डोळे गोल. शेपूट केरसुणी.

कणी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. पोटात गुडगुड गुडगुड.

नाक्यावर शेवंतावैनीची चहाची टपरी. स्टोव्ह पेटलेला. पातेलं रिकामं. कणी म्हणाली,

"वैनी वैनी, चहा दे.
मामा पट्टा शिवीना,
चाचा धार लावीना,
मावशी मासा कापीना,
दूध पोटात राहीना,
उडी मला येईना,
आजीची बाज गाठवेना."

वैनी मटकन बाकावर बसली. "कुणाच्या पोटात दूध राहीना?"

"माझ्या."

"मांजराच्या?"

"मांजराच्या."

वैनीनं पदरानं वारा घेतला. मग म्हणाली, "चहा देईन. पण दूध नाही. दूधवाल्याची सायकल वाटेत बसली, फुस्स झाली. आज गावात दूध एकाच घरी पोचलं. ते आण. आधी दूध, मग चहा."

कणीनं विचारलं, "कुणाच्या घरी?"

वैनी म्हणाली, "बायजाआजीच्या."

कणी थक्क. डोळे गोल. शेपूट केरसुणी. जे नको म्हणून ती घरातून निघाली, तेच सगळ्या बाजाराला हवं होतं.

कणी परत फिरली. लुटुलुटु लुटुलुटु. पोटात गुडगुड गुडगुड.

आजी बाजेवर बसली होती. बाजेवर शेजारी झाकलेला तांब्या. आजीच्या हातात कप. कणी म्हणाली,

"आजी आजी, दूध दे.
वैनी चहा करीना,
मामा पट्टा शिवीना,
चाचा धार लावीना,
मावशी मासा कापीना,
दूध पोटात राहीना,
उडी मला येईना,
आजीची बाज गाठवेना."

आजी म्हणाली, "हे दूध तुझं आहे. दुसऱ्या कुणाला मिळणार नाही."

तेवढ्यात कणीनं आजीचा कप बघितला. आतला चहा काळा. काळा कुळकुळीत. दुधाचा थेंब नाही.

"आजी, तुझा चहा काळा का?"

"कोरा आहे म्हणून."

"कोरा का?"

आजीनं कप पदराआड घेतला.

"आजी, कोरा का?"

"दूध एकाचंच येतं," आजी म्हणाली. "तू आल्यापासून ते तुझं."

कणी थक्क. डोळे गोल, अगदी बशीएवढे. शेपूट केरसुणी, अगदी खराटा. ती खालीच बसली. आजीनं तिच्यासाठी दूध सोडलं होतं. आणि त्याच दुधानं कणीची उडी गेली होती.

मग कणी उठली. "दूध माझं ना?"

"तुझंच."

"मग मी ते वैनीला देते."

आता आजी थक्क. आजीचे डोळे गोल. आजीला शेपूट नव्हतं, नाहीतर तेही केरसुणी झालं असतं. तिनं तांब्या उचलला आणि पायात चपला घातल्या. पुढं कणी, मागं आजी. लुटुलुटु लुटुलुटु. फटाक फटाक.

आजीनं वैनीला दूध दिलं.
वैनीनं मामाला चहा दिला. फुर्रर्र.
मामाच्या हाताची थरथर थांबली, मामानं पट्टा शिवला. सुळ्ळ सुळ्ळ.
चाचाचं चाक फिरलं, विळीला धार लागली. घर्रर्र घर्रर्र.
मावशीनं विळी मांडली, बांगडा कापला. खच्च खच्च.
आणि डोकं पडलं. टप्प.
आणखी एक. टप्प.
आणखी एक. टप्प.

मावशीनं डोकी पानात बांधली आणि पुढं केली. "हं, कणे. तुझी."

आजी मध्ये आली. "टाकलेलं आम्ही घेत नाही."

बाजार थक्क. मामाची चप्पल पुन्हा पिंपात. डुबुक.

पण मावशीही काही कमी नव्हती. ती म्हणाली की टाकलेलं कुठं आहे हे. दूध आलं म्हणून चहा झाला, चहा झाला म्हणून पट्टा, पट्टा झाला म्हणून धार. धार लागली, आता दिवसभर माझी मासळी खपेल. रोज एवढी डोकी घेऊन जायची. कुणी फुकट देत नाही, कुणी फुकट घेत नाही.

आजीनं डोकी हातात घेतली. मग म्हणाली, "कशी द्यायची ती तेवढं सांग."

मावशीनं सांगितलं. चांगली उकडायची. काटा न् काटा काढायचा. मीठ नाही, मिरची नाही, फोडणी नाही. वाढतं पिल्लू आहे, पोट एवढंसं. म्हणून थोडं थोडं द्यायचं, दिवसातून चार वेळा. आणि वाटीत काय ठेवायचं? स्वच्छ पाणी.

"पाणी?" आजीला पुन्हा धक्का. "मांजराला पाणी?"

"पाणी."

आजीनं घरी जाऊन डोकी उकडली. रटरट रटरट. आजीनं चष्मा लावला आणि काटे काढले. एक काटा. दुसरा काटा. बारीकसा तिसरा काटा. मग बोटानं मऊ केलं आणि वाटीत घातलं.

कणीनं वास घेतला. कणीनं जीभ लावली. मचमच मचमच. वाटी साफ.

पोटात काय झालं? काही नाही. गुडगुड नाही, गडबड नाही.

दुसऱ्या दिवशी मचमच मचमच. नगारा गेला.
तिसऱ्या दिवशी मचमच मचमच. अंग चमकू लागलं.
एके दिवशी मावशीकडे डोकी नव्हती. आजीनं अंडं उकडलं. अर्धं कणीचं, अर्धं आजीचं. मचमच मचमच.
पुढं पुढं काड्यांचे पाय झाले. चांगले गुबगुबीत.

पण आजी ती आजीच. एका सकाळी ती बाजेवर बसली. एका हातात कप, काळा कुळकुळीत. दुसऱ्या हातात दुधाचा तांब्या.

"कणे, आज घोटभर तरी पी."

"नको."

"घोटानं काय होतंय?"

"गुडगुड होतंय."

"तुझ्यासाठी ठेवलंय, मांजराच्या जातीला दूध..."

कणी बसली. कणीनं बाजेकडे बघितलं. कणीनं ढुंगण हलवलं, असं, असं.

टुणुक.

बाजेवर. गोधडीवर. थेट आजीच्या मांडीवर.

आजी थक्क. डोळे गोल. तोंड उघडं. तांब्या हातात तसाच.

कणीनं पंजानं तो तांब्या हळूच ढकलला. इकडे नाही, तिकडे नाही. बरोबर काळ्या कपाकडे. आणि म्हणाली,

"दूध तू पी, आजी, मासळी मी खाते."